पूल कोणाचा, फुटपाथ कोणाचा

राज्यघटना वाचायला घ्यायची असेल तर पहिल्या पानापासून सुरुवात करू नका, असं मी हल्ली विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. उद्देशिका सुंदर आहे. शाळाशाळांतून मुलं ती म्हणतात, आणि म्हणावीच. पण 'आम्ही, भारताचे लोक'पासून निघालेला वाचक नागरिकत्वाच्या कलमांपर्यंत येईतो थकतो आणि ते जाड पुस्तक कपाटात जातं. त्यापेक्षा आपण जिथे उभे आहोत तिथून आत शिरावं. मुंबईकराला हे फार सोपं आहे. या शहरात दहा मिनिटं चाललं तरी तीन सरकारांच्या हद्दी ओलांडून होतात.

हातात दोन प्रश्न असले की पुरे. हे ठरवतं कोण? आणि ठरवणारा चुकला तर त्याला अडवणार कोण? शाळेत आम्हाला नागरिकशास्त्र होतं, इतिहासाच्या मागून येणारं, थोड्या गुणांचं. राष्ट्रपती व्हायला वय किती लागतं, राज्यसभेत सदस्य किती, हे आम्ही घोकलं. हे दोन प्रश्न मात्र वर्गात कधी आले नाहीत. आणि घटनेची निम्मीअधिक कलमं म्हणजे या दोन प्रश्नांचीच उत्तरं आहेत, असं माझं वाचता वाचता झालेलं मत आहे.

अंधेरीचा गोखले पूल घ्या. ३ जुलै २०१८ च्या सकाळी, भर पावसात, त्याचा पादचाऱ्यांसाठीचा भाग खाली रुळांवर कोसळला. माणसं जखमी झाली, पश्चिम रेल्वे कित्येक तास बंद पडली. आणि त्याच दिवशी जाहीर वाद सुरू झाला, की पूल नक्की कोणाचा. रुळांवरचा भाग रेल्वेच्या हद्दीतला, दोन्हीकडचे पोहोचरस्ते महापालिकेचे. देखभालीचे पैसे कोणी द्यायचे आणि काम कोणी करायचं, यावर दोन्हीकडून निवेदनं. लोक म्हणाले ही टोलवाटोलवी आहे, आणि ती होतीच. पण ही टोलवाटोलवी ज्या फटीत घडली ती फट कागदावर कुठे आहे, हे बघायचं तर घटनेची सातवी अनुसूची उघडावी लागते.

तिथे तीन याद्या आहेत. संघ सूचीत बाविसाव्या क्रमांकावर रेल्वे. राज्य सूचीत पाचव्या क्रमांकावर स्थानिक शासन, तेराव्यावर रस्ते आणि पूल. तिसरी समवर्ती सूची, जिथे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो आणि दोन कायद्यांत विरोध आला तर सहसा केंद्राचा टिकतो. मूळ घटनेत या याद्यांत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या. वाचायला रूक्ष वाटतात खऱ्या, पण मला तो घटनेतला सगळ्यात जिवंत भाग वाटतो, कारण त्या वाचल्यावर शहर वेगळं दिसायला लागतं. लोकलमध्ये मोबाइल चोरीला गेला तर तक्रार घेतात ते लोहमार्ग पोलीस राज्याचे, कारण राज्य सूचीतल्या 'पोलीस' या नोंदीतच रेल्वे पोलिसांचा उल्लेख आहे. त्याच फलाटावर रेल्वेच्या मालमत्तेवर लक्ष ठेवणारा आरपीएफचा जवान मात्र केंद्राचा. दोघेही खाकीत, एकाच पंख्याखाली उभे. माझगाव-शिवडीकडची बंदराची जमीन केंद्राकडे, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण राज्याकडे, दिवाबत्ती आणि पाणी महापालिकेकडे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये गोखले पूल वाहतुकीला बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि हा पूल उंचीत जुळतच नव्हते. रुळांवर किती उंची सोडायची याचे रेल्वेचे निकष बदलले होते, म्हणून नवा पूल वर गेला आणि महापालिकेचा जुना उड्डाणपूल खालीच राहिला. तो वर उचलून जोडायला जुलै उजाडला. अंधेरी-जोगेश्वरीकडच्या आम्हा लोकांना या काळात पूर्वेकडून पश्चिमेला जाणं काय असतं ते पुरतं कळलं.

अधिकार वाटलेले असावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सगळं एका हातात असणं याहून वाईट काही नाही, आणि घटना लिहिणाऱ्यांनी परकी सत्ता भोगली होती. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण अधिकार वाटताना जबाबदारीही वाटून विरघळून जाते. ती परत गोळा करायची तर नागरिकाला कुठली नोंद कोणत्या यादीत आहे हे माहीत असावं लागतं. नाहीतर तो एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरत राहतो आणि शेवटी 'सरकारच असं' म्हणून घरी जातो. सरकार एक नाही. हे कळणं म्हणजे अर्धी घटना कळणं आहे.

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात रविवारी सकाळी आम्ही काही जण मिळून घटना वाचतो. बेस्टमधून निवृत्त झालेले तिसऱ्या मजल्यावरचे काका आहेत, शिवणकाम करणाऱ्या वहिनी आहेत, कॉलेजात जाणारी एक मुलगी आहे. कधी पाच जण असतो, कधी तिघंच. चहा काकांच्या घरून येतो. सुरुवातीलाच काका म्हणाले, "ताई, ह्यात आपला नगरसेवक कुठे आहे ते दाखवा आधी. बाकी नंतर."

१९५० च्या घटनेत नगरसेवक नव्हता. तो आला १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी जून १९९३ पासून लागू झाली. मुंबईची महापालिका त्याहून कितीतरी जुनी. आजही ती १८८८ च्या कायद्याने चालते. पण १८८८ चा कायदा विधिमंडळ बदलू शकतं. घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभाराला घटनेत जागा दिली आणि एक गोष्ट स्वच्छ लिहून टाकली: महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. काकांनी ते कलम मोठ्याने वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "आणि आपण?"

आपण म्हणजे असं: फेब्रुवारी २०१७ मध्ये मतदान झालं, मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि त्यानंतरचं मतदान जानेवारी २०२६ मध्ये झालं. मधली जवळपास चार वर्षं या शहरात एकही नगरसेवक नव्हता. आधी ओबीसी आरक्षणाचा प्रश्न कोर्टात होता, मग प्रभाग २२७ की २३६ यावर विधिमंडळात आणि कोर्टात उलटसुलट झालं, मग 'जैसे थे'चे आदेश. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश दिला. दरम्यान आयुक्त हेच प्रशासक होते. ७४ हजार कोटींच्या पुढे गेलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प, जो एरवी स्थायी समितीत आणि सभागृहात चिरफाड होऊन पुढे जातो, तो प्रशासकांच्याच मंजुरीने पार पडला.

"लिहिलेलं असून होत नाही, म्हणजे काय?" वहिनींनी विचारलं. माझ्या लेखी आमच्या सगळ्या रविवारांमधला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. त्या चार वर्षांत आमच्या गल्लीतल्या गटारावरचं फुटलेलं झाकण बदललं गेलं. फोन केला, माणसं आली, काम झालं. तक्रार ऐकणारं कोणी नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. नव्हता तो भांडणारा माणूस. यंदा पैसा काँक्रीटच्या रस्त्यांवर घालायचा की नाल्यांवर, की दवाखान्यांवर, हे ज्या सभागृहात आपल्या वतीने कोणीतरी उठून विचारायचं, ते सभागृह रिकामं होतं. सोय आणि प्रतिनिधित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली मिळत राहिली की दुसरी गेल्याचं लक्षातसुद्धा येत नाही. या शहरात त्यावरून मोठा मोर्चा निघाला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

बारावी अनुसूचीही तेव्हाच आली. शहरांच्या संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय तिच्यात आहेत: रस्ते-पूल, पाणी, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, नगररचना. सोपवता येतील, सोपवलेच पाहिजेत अशी राज्यावर सक्ती नाही. म्हणून एमएमआरडीए, म्हणजे महानगराचं विकास प्राधिकरण, राज्याची, आयुक्त राज्याने नेमलेले, आणि महापौर सभागृहाचे अध्यक्ष. मुंबईचं सरकार कोणतं, या प्रश्नाला घटनेत एका ओळीचं उत्तर नाही.

राज्याचंच म्हणाल तर आपलं राज्यही एका साध्या कायद्याने झालेलं आहे. तिसरं कलम वाचलं त्या रविवारी काकांचा चेहरा पडला होता. संसद साध्या बहुमताने नवं राज्य निर्माण करू शकते, सीमा बदलू शकते, नावसुद्धा बदलू शकते. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवायचं, पण ते मानलंच पाहिजे असं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य झालं ते संसदेच्या कायद्याने, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तोही संसदेच्याच कायद्याने. "मग हुतात्मा चौक कशाला?" काका म्हणाले. त्यांचे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात होते. शंभराहून अधिक माणसांनी या राज्यासाठी प्राण दिले आणि इथे लिहिलंय साधं बहुमत.

मी त्यांना एवढंच म्हणाले की तिसरं कलम दार कुठे आहे ते सांगतं, दार ठोठावायचं काम कलमाचं नाही. चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात सत्ताधाऱ्यांना हादरवलं, आणि मग दिल्लीत तेच साधं बहुमत वेगळ्या बाजूला गेलं. रस्त्यावरचा आवाज मतपेटीतून संसदेत पोचला. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सत्याग्रह आणि कायदेभंगाचे मार्ग आता सोडून द्या, सनदशीर मार्ग खुले असताना त्यांना समर्थन नाही, असं बजावलं होतं. त्यांचं म्हणणं मला पटतं, आणि हुतात्मा चौकातून जाताना मान खालीही जाते. या दोन्हींचा मेळ मला अजून पूर्ण लावता आलेला नाही. १९५७ चं मतदान मात्र दोघांच्या मधोमध उभं आहे.

२०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली तेव्हा तर अख्खी लोकल घटनातज्ज्ञ झाली होती. प्रतोद कोणाचा, गटनेता कोण, दोन तृतीयांश म्हणजे किती, राज्यपाल बहुमत चाचणी लावू शकतात का. चौथ्या सीटवर अर्धं टेकून बायका दहाव्या अनुसूचीवर वाद घालत होत्या आणि मला मनापासून आनंद होत होता. १९८५ साली आलेली ती पक्षांतरबंदीची अनुसूची, २००३ मध्ये तिच्यातून एक तृतीयांश फुटीची पळवाट काढून टाकली, हे सगळं त्या डब्यात कोणाला ना कोणाला माहीत होतं. पुढे ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, राज्यपालांचं बहुमत चाचणीला बोलावणं समर्थनीय नव्हतं, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे आधीची स्थिती परत आणता येणार नाही. आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी घ्यावा. तुमचा कल कोणत्याही बाजूला असो, हा निकाल शांतपणे वाचावा असा आहे. माणसं कशी वागतील यावर घटना किती अवलंबून आहे, ते त्यात ओळीओळीला दिसतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना आंबेडकर हेच म्हणाले होते: घटनात्मक नैतिकता माणसात उपजत नसते, ती जाणीवपूर्वक जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसले त्या खटल्याकडे येते.

जुलै १९८१. मुंबईत पाऊस चालू असताना राज्य सरकारने ठरवलं की फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवायचं आणि त्यांच्या मूळ गावी पाठवून द्यायचं. झोपड्या तोडायला सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात या माणसांची थोडक्यात हकीकत नोंदलेली आहे आणि ती मी पुनःपुन्हा वाचते. एक जण संगमनेरकडून १९६९ साली आलेला, गावी जोडे शिवणारा. इथे बदली कामगार म्हणून काम करत फुटपाथवर राहणारा. दुसरा तमिळनाडूतल्या सालेमचा भूमिहीन मजूर, दुष्काळाने काम गेलं म्हणून मुंबईला आलेला. त्याची झोपडी तोडली आणि त्याला कुटुंबासह सालेमच्या बसमध्ये बसवून दिलं. बायको-मुली तिकडे राहिल्या. तो काम शोधत परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच टेकला. सरकारने बसचं तिकीट काढून देऊनही माणूस परत येतो, कारण पोट इथे आहे. या एका माणसाच्या परत येण्यात सगळा युक्तिवाद आहे.

ऑल्गा टेलिस या पत्रकार बाईही याचिकाकर्त्यांमध्ये होत्या. खटला त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १० जुलै १९८५ ला निकाल दिला. एकविसावं कलम जीविताचं रक्षण करतं. जगण्याचं साधन काढून घेतलं तर जीव काढून घेण्याची ती सोपी वाट होईल, म्हणून जीविताच्या हक्कात उपजीविका येते, असं न्यायालयाने म्हटलं. सरकारी बाजूने एक मुद्दा होता: आधी उच्च न्यायालयात याच लोकांच्या वतीने कबूल केलं होतं की फुटपाथवर झोपडी बांधण्याचा आम्हाला मूलभूत हक्क नाही, मग आता कसं बोलता? त्यावर न्यायालय म्हणालं की मूलभूत हक्क माणसाने स्वतः सोडून दिला तरी सुटत नाही. उपाशी माणूस काहीही कबूल करेल. घटनेने त्या कबुलीपासूनही त्याला वाचवलेलं आहे. हा भाग आम्ही वाचला तेव्हा वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे कोणीतरी आमच्या आईला सांगायला हवं होतं."

पण निकाल पुढेही वाचायचा असतो. फुटपाथ हा चालण्यासाठी आहे आणि महापालिकेला अतिक्रमण हटवता येतं, हेही न्यायालयाने मान्य केलं. १८८८ च्या कायद्यातलं ३१४ वं कलम, जे आयुक्तांना नोटिशीशिवाय अतिक्रमण काढू देतं, ते रद्द झालं नाही. फक्त, सर्वसाधारणपणे नोटीस देऊन, म्हणणं ऐकूनच त्याचा वापर व्हावा, असा त्याचा अर्थ लावला गेला. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणाला हलवायचं नाही. १९७६ च्या गणतीत ज्यांची नोंद आहे त्यांना पर्यायी जागा द्यावी, पण ती मिळेपर्यंत हटवायचंच नाही अशी अट नाही. तत्त्व जिंकलं, फुटपाथ गेला.

यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, हा पोकळ विजय. मला ते पूर्ण पटत नाही. संगमनेरच्या त्या माणसाचा आसरा वाचला नाही, हे मान्यच करावं लागतं आणि ते बोचतं. पण त्या निकालानंतर या देशात कुठेही उपजीविकेवर घाला आला की वकील एकविसाव्या कलमाकडे बोट दाखवतो आणि न्यायालयाला ते ऐकावं लागतं. 'आधी ऐका, मग हात लावा' हा नियम घर तोडणाऱ्यांच्या वाटेत उभा आहे, कधी मोडला जातो, कधी टिकतो. ठरवणाऱ्याला अडवणारं कोणीतरी असावं, या माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं ते अपुरं पण खरं उत्तर आहे.

अडवणाऱ्यांचं आणखी एक उदाहरण मुंबईच्याच वकीलवर्गातलं. संसदेला घटना दुरुस्त करता येते, पण किती? १९७२-७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायमूर्तींसमोर ६८ दिवस यावर केशवानंद भारती खटला चालला. एका बाजूला नानी पालखीवाला, ज्यांचं अर्थसंकल्पावरचं भाषण ऐकायला ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचं. दुसऱ्या बाजूला केरळ सरकारच्या वतीने होर्मसजी सीरवाई, महाराष्ट्राचे महाधिवक्ता. दोघेही मुंबईचे, दोघेही पारशी. २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा मतांनी ठरलं की संसद घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. सीरवाई हरले. आणीबाणी येऊन गेल्यावर, स्वतः ज्याच्याविरुद्ध भांडले ते तत्त्व योग्य होतं, असं त्यांनी आपल्या भाष्यग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत मांडलं. एवढ्या मोठ्या माणसाने छापील शब्दांत मत बदलणं, ही माझ्यासाठी त्या निकालाइतकीच मोठी गोष्ट आहे.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात. चैत्यभूमीवरून दर्शन घेऊन आलेली माणसं, मराठवाडा-विदर्भातून रात्रभर प्रवास करून आलेली, तिथे पुस्तकं घेतात. एका वर्षी मी एका स्टॉलसमोर उभी होते. परभणीकडची एक म्हातारी बाई, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात पाण्याची बाटली, सोबत दहाबारा वर्षांचा नातू. तिने घटनेची जाड प्रत उचलली नाही, बोट ठेवलं. "दादा, सतरावं कलम कुठं हाय ह्याच्यात?" विकणाऱ्या पोराने पान काढून दिलं. नातवाने वाचलं. अस्पृश्यता नष्ट केली आहे, तिचं कुठल्याही रूपातलं आचरण निषिद्ध आहे, ती लादणं हा गुन्हा आहे.

"एवढंच?"

"एवढंच हाय, आजी."

"परत वाच."

त्याने परत वाचलं. मग तिने कमरेची पिशवी काढली, घडी केलेल्या नोटा मोजल्या आणि पुस्तक घेतलं.

त्या दोन ओळींच्या मागे काय आहे हे तिला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागद तयार होता. तरी २० मार्च १९२७ ला तिथलं पाणी ओंजळीत घ्यायला सत्याग्रह करावा लागला, आणि मग दावा दाखल झाला, तो लढत लढत मुंबई उच्च न्यायालयात आंबेडकरांच्या बाजूने निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. घटनेचं पंधरावं कलम उघडा. दुकानं, उपाहारगृहं यांच्यानंतर तिथे विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावं घेतलेली आहेत. जगातल्या घटना स्वातंत्र्य, समता असे मोठे शब्द लिहितात. आपल्या घटनेत तलाव लिहिलेला आहे. मी ते कलम वाचते तेव्हा मला महाड दिसतं.

लोक म्हणतात घटनेची पूजा होते आहे. दिवाणखान्यात, कचेऱ्यांत उद्देशिकेच्या तसबिरी लागतात आणि खाली बसलेल्या माणसाने आतलं एक पान उलटलेलं नसतं, हे मीही पाहिलं आहे, आणि राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते हा बाबासाहेबांचा इशारा त्याच २५ नोव्हेंबरच्या भाषणातला आहे. पण त्या आजीला या हिशेबात धरू नका. तिने पैसे देण्याआधी कलम तपासून घेतलं होतं.

आंबेडकर घटना समितीत आधी बंगालमधून निवडून आले होते. फाळणीने ती जागा गेली. मग जुलै १९४७ मध्ये, बॅरिस्टर जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर, मुंबईने त्यांना पाठवलं. घटना लागू झाल्यावरच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ मध्ये, ते उत्तर मुंबईतून उभे राहिले आणि हरले. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर निवडून आले. हे मी रविवारी सांगितलं तेव्हा कॉलेजातल्या मुलीचा विश्वास बसेना. "ज्यांनी घटना लिहिली ते? आपल्या मुंबईत?"

हो. आणि त्या निवडणुकीतल्या प्रचाराबद्दल तक्रार असल्यामुळे त्यांनी आणि अशोक मेहतांनी रीतसर निवडणूक याचिका केली. ती फेटाळली गेली. ज्या दारातून कोणीही पराभूत उमेदवार जाऊ शकतो त्याच दारातून घटनेचा शिल्पकार गेला आणि हात हलवत परत आला.

"याचिका कुठल्या कलमाखाली?" मुलीने लगेच विचारलं. तीनशे एकोणतिसाव्या, निवडणुकीला आव्हान द्यायचं तर ते याचिकेनेच, असं तिथे म्हटलंय. त्यामुळे आता आमचा भाग पंधरा चालू झाला आहे, निवडणुकांचा, ३२४ ते ३२९. क्रमाने घ्यावं असं मुलीचं म्हणणं. काकांना ३२६ आधी हवंय. त्यात प्रौढ मतदानाचा हक्क आहे. १९५१ च्या जनगणनेत शंभरातल्या जेमतेम अठरा माणसांना लिहितावाचता येत होतं अशा देशात, घटनेने तो एका फटक्यात सगळ्यांना देऊन टाकला. काकांनी पहिलं मत एकविसाव्या वर्षी दिलं, कारण तेव्हा वय एकवीस होतं. एकसष्टाव्या दुरुस्तीने ते अठरावर आणलं, आणि या मुलीने जानेवारीत नगरसेवकासाठी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. मीही काकांच्या बाजूने आहे. येत्या रविवारी ३२६.